आंजीत अर्धंच सांगितलं

वर्ध्याहून परत आल्यापासून ओळखीचे लोक विचारतात, कसा झाला प्रवास? मी त्यांना पाटवडीच्या रश्श्याबद्दल सांगते. थंडीबद्दल सांगते, पांढऱ्या झालेल्या कापसाच्या शेतांबद्दल सांगते. त्यांचं समाधान होतं. खरा प्रवास मात्र मी अजून कुणाला सांगितलेला नाही. तो बोलून दाखवायची लाज वाटते, म्हणून लिहायला बसले आहे.

मी पुण्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवत होते. नुकतीच निवृत्त झाले. माधुरी माझी एम.एस्सी.ची मैत्रीण, तेव्हाची खोलीतली सोबतीण. ती लग्नानंतर वर्ध्याला गेली आणि तिथल्या शाळेत विज्ञान शिकवू लागली. फोनवर दर वेळी म्हणायची, "आता तरी ये गं." या जानेवारीत मी गेले. जाण्याआधी तिनं विचारलं होतं, "आमच्याकडे बीपीचे पेशंट फार झालेत. बचत गटाच्या बायकांसमोर मिठावर बोलशील का?" मी लगेच हो म्हटलं. बोलण्याची मला हौस आहे. वर्गात मुलं हसायची, टाळ्या वाजवायची. निवृत्तीनंतर त्यावाचूनच चुकल्याचुकल्यासारखं होत होतं.

सिंदी मेघे

माधुरीचं घर सिंदी मेघेला आहे. म्हणायला वेगळं गाव, पण वर्धा शहर कुठे संपलं आणि हे कुठे सुरू झालं ते कळत नाही. शिक्षक, कारकून, बँकेतले लोक यांची बैठी घरं, दारात पारिजातक नाहीतर पेरू, गेटवर नावाची पाटी. तिचे यजमान बदलीवर गडचिरोलीला असल्यामुळे घरात आम्ही दोघीच होतो. अंगणातल्या उन्हात खुर्च्या टाकून आम्ही चहा प्यायचो आणि चहा पुन्हा करायचो.

पहिल्याच सकाळी फजिती झाली. भाजीची गाडी आली तेव्हा माधुरी आतून ओरडली, "सांबार घे गं दोन जुड्या." मला वाटलं, इथे सांबार काय तयार विकतात की काय? मी गाडीवाल्याला विचारलं, "इडली पण आहे का?" तो माझ्याकडे बघत राहिला, मग हसत सुटला. सांबार म्हणजे कोथिंबीर. त्या कोथिंबिरीच्या दुपारी पुडाच्या वड्या झाल्या, खुसखुशीत, आत चिंच-खोबऱ्याचा तिखटगोड हात लावलेल्या. मी मोजायचं सोडून दिलं.

आंजी

आंजी (मोठी) हे माधुरीचं माहेर. वर्ध्याहून आर्वीच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना काळी जमीन, वेचणीला आलेला कापूस आणि मध्येमध्ये तुरीचे पट्टे. तिथे तिचे थोरले भाऊ श्रीधरदादा शेती करतात. साठीच्या आतबाहेरचे, उंच, सावळे, बोलण्यात मिश्कील. त्यांची बायको शोभावहिनी, कमी बोलणाऱ्या, पण लक्ष सगळीकडे.

जेवायला ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, पाटवडीचा रस्सा होता. दादांचं ताट वेगळं वाढलेलं. त्यांच्या रश्श्यात मीठ अगदी कमी. वहिनी म्हणाल्या, "डॉक्टरनं बंदी घातली हाय यायले. कितीक वर्षं झाले बीपीची गोयी चालू हाय. पन हे आयकते कुठं? मी उठली का लोनच्यात हात."

"बाप्पा, पावन्यापुढं तरी नको सांगू," दादा म्हणाले.

आम्ही सगळे हसलो. हात धुवायला ते उठले तेव्हा त्यांच्या पावलांवर चपलेच्या पट्ट्याचा खोल वळ मला दिसला. पाय सुजलेले असले की असा वळ उमटतो. शेकडो विद्यार्थ्यांना मी हे शिकवलंय. इतकी वर्षं रक्तदाब असलेल्या माणसाच्या पायावर सूज दिसली तर मूत्रपिंड तपासा, हेही शिकवलंय. मी पाहिलं आणि वहिनींना विचारलं, "पाटवडीत ओवा घालता का?"

संध्याकाळी देवळासमोरच्या मंडपात भाषण होतं. सतरंज्यांवर बायका, मागे खांबाला टेकून पुरुष. पहिल्या रांगेच्या कडेला दादा, पांढरा सदरा घालून, बहिणीची मैत्रीण बोलणार म्हणून अभिमानानं बसलेले.

मी छान बोलले. मी म्हटलं, हृदय म्हणजे नुसता पंप, असं तुम्हाला वाटतं ना? नाही. तुमच्या प्रत्येकाच्या छातीत औषधाचं एक दुकान आहे. तुम्ही मीठ जास्त खाल्लंत की अंगात पाणी साठतं, रक्त वाढतं आणि हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. ते ताणले की हृदय एक संप्रेरक रक्तात सोडतं. ते जातं मूत्रपिंडाकडे आणि सांगतं, हे जास्तीचं मीठ बाहेर काढ, पाणी बाहेर काढ. रक्तवाहिन्यांना सांगतं, जरा सैल व्हा. दाब उतरतो. कुणाची चिठ्ठी नको, कुणाकडे रांग नको, दुकान दिवसरात्र उघडं!

टाळ्या पडल्या. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "पाय बाई, आपल्याच छातीत!" सगळा मंडप हसला.

याच्यापुढे भाषणाचा दुसरा भाग होता, आणि मी आले होते तो सांगायला. काही लोकांच्यात हे संप्रेरक कमी पडतं, किंवा त्याचं सांगणं मूत्रपिंडापर्यंत नीट पोचत नाही. अशांच्या अंगात मीठ साठत राहतं, आणि इतरांना पचणाऱ्या मिठानंही त्यांचा दाब चढतो. ज्या उंदरांच्यात हे संप्रेरक तयारच होत नाही, त्यांना खारट खाणं दिलं तर दाब तर वाढतोच, शिवाय मूत्रपिंडं आतून खराब होत जातात. म्हणून ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी आपल्या हृदयाच्या भरवशावर राहू नये. मीठ कमी करावं, गोळी रोज घ्यावी, वर्षातून एकदा तरी रक्त-लघवी तपासावी.

पण तेवढ्यात चहाची किटली आली. बायकांची चुळबुळ सुरू झाली. मघाच्या टाळ्या माझ्या कानात होत्या. आता आजाराचं बोलून ही छान जमलेली सभा कशाला जड करायची, असं मनात आलं. मी म्हटलं, "तेव्हा आपल्या दुकानदाराला जपा!" आणि खाली बसले. पुन्हा टाळ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा मला शेत दाखवायला घेऊन गेले. दव पडलेलं, कापसाची बोंडं ओली. चालता चालता ते म्हणाले, "ताई, काल मस्तच सांगतलं तुमी. म्हंजे जेवढं मीठ जास्त, तेवढं हृदय औषध जास्त सोडते. असंच ना?"

"बरोबर! अगदी नेमकं पकडलंत."

थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, "मंग रोज गोयी घेतली का थे आंतलं दुकान बंदच पडत असन. आयतं भेटलं तं कोन काम करते?"

मी मोबाईलमध्ये कापसाचा फोटो घेत होते. हसून म्हटलं, "वा दादा, काय प्रश्न काढलात! तुम्ही माझ्या वर्गात हवे होतात."

उत्तर दिलं नाही. प्रश्नाचं कौतुक केलं, आणि त्यांनी त्या कौतुकालाच उत्तर समजलं.

समुद्रपूर

पुढचे दिवस मजेत गेले. माधुरीनं रजा काढली होती. आम्ही बाजार हिंडलो, गोरसपाक, म्हणजे इथली तुपातली बिस्किटं, घेतला. पुण्यात कुणाकडे अचानक गेलं तर आधी फोन न केल्याबद्दल आपण माफी मागतो. इथे फोन करून गेलं तर लोक रुसायचे, "सांगून काऊन आले? परके हाय का?" मला ते फार आवडलं.

मग माधुरीच्या एका सहकारी शिक्षिकेनं समुद्रपूरला बोलावलं. जिल्ह्याचं दक्षिण टोक. एसटीनं हिंगणघाटवरून गेलो. वाटेत जिनिंगकडे निघालेले कापसाचे ट्रॅक्टर, त्यांच्यामागे उडणारे पांढरे पुंजके. तिथल्या शाळेच्या सभागृहात मी तेच भाषण केलं. दुकानाची उपमा आता आणखी रंगवली होती. हृदय दुकानदार, मूत्रपिंड गिऱ्हाईक, दोघांचे संवाद, आवाज बदलून. लोक पोट धरून हसले. दुसरा भाग या वेळी माझ्या मनातही आला नाही.

शिक्षिकाबाईंच्या घरी जेवायला बसलो होतो. गोळाभात वाढला होता, वरून फोडणीचं तेल. माधुरीचा फोन वाजला. ती उठून दारापाशी गेली, परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"दादाला वर्ध्याला नेलंय. सकाळी डोकं फुटायची वेळ आली, उलट्या झाल्या, डोळ्यांपुढं दिसेना. दम लागलाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "वहिनी म्हणते, त्यानं गोळ्या बंद केल्या होत्या. तू बोललीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

वर्धा

एसटीत आम्ही शेजारी बसलो. मी मनातल्या मनात कारणं जुळवत होते. गोळ्या बंद करा असं मी कुठे म्हटलं? एक शब्द तरी म्हटला का? हिंगणघाट येईपर्यंत मी स्वतःला निर्दोष सोडलं होतं. मग शेतातला तो प्रश्न आठवला, आणि वर्ध्यापर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले.

दवाखान्यात दादा खाटेवर अर्धवट बसवलेले, नाकाला ऑक्सिजनची नळी, हाताला सलाईन. चेहरा सुजलेला. डॉक्टर तरुण मुलगी होती. दाब धोक्याच्या पलीकडे गेला होता, तो सुईनं हळूहळू उतरवत होते. ती माधुरीला समजावत होती, "लघवीतून प्रथिनं जातायत, क्रिएटिनिन खूप वाढलंय. मूत्रपिंडं आधीपासूनच हळूहळू खराब होत असणार. गोळ्या एकदम बंद केल्या, वर मीठ. त्यानं एका फटक्यात ढकलल्यासारखं झालं."

वहिनी भिंतीशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "लोनच्याची बरनी अर्धी केली यायनं. पापड, सांडगी मिरची. मी बोलली तं म्हने, मीठ गेल्याबिगर दुकान उघडत नाई."

डॉक्टरनं विचारलं, "हे दुकान कसलं? कुणी सांगितलं यांना हे?"

"कोनी नाई," खाटेवरून दादा धापा टाकत म्हणाले. "म्याच बंद केल्या."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. माधुरीनं खाली पाहिलं. डॉक्टर माझ्याकडे वळली. "तुम्ही कोण यांच्या?"

मी म्हणाले, "पाहुणी."

इतकंच म्हणाले. इतकी वर्षं शिकवलं, पदव्या घेतल्या, आणि त्या मुलीसमोर मी पाहुणी झाले. ती मान हलवून दुसऱ्या खाटेकडे गेली. दादा माझ्यासाठी खोटं बोलले होते, श्वास पुरत नसताना, आणि मी त्या खोट्याच्या आड उभी राहिले.

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. तिथे नातेवाईक डबे उघडून जेवत होते, कुणीतरी मला संत्रं सोलून दिलं. ते हातात घेऊन बसले. वहिनी आल्या आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या.

"ताई, एक इचारू? मी इचारलं तं डॉक्टरबाई म्हने, यायच्यासारख्याइले थे छातीतलं औषध पुरत नाई. हे तुमाले माहीत होतं?"

"हो."

"मंग काऊन नाई सांगतलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. वेळ संपली होती, चहा आला होता, असं काहीही. पण त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की मला ते जमलं नाही. "लोक टाळ्या वाजवत होते, वहिनी. मला ते आवडलं. पुढचं सांगितलं असतं तर त्या थांबल्या असत्या."

त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला. मग म्हणाल्या, "टाळ्या तं मी बी वाजवल्या," आणि आत निघून गेल्या. त्यानंतर कितीतरी दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मला ते योग्यच वाटलं.

मी उठून डॉक्टरला शोधलं. तिला सगळं सांगितलं, मी कोण, काय शिकवत होते, काय बोलले, काय बोलले नाही. मला वाटलं ती रागावेल. तिनं नुसतं विचारलं, "मॅडम, आणखी किती ठिकाणी बोललात?"

या प्रश्नानं मी हादरले. तोवर मी फक्त दादांचा विचार करत होते.

पुन्हा आंजी

दादांचा दाब उतरला. दिसायला लागलं, दम थांबला. डायलिसिस करावं लागेल का, याची आम्ही सगळे धास्ती घेऊन होतो. ते टळलं. पण मूत्रपिंडं पहिल्यासारखी होणार नाहीत, जेवढी उरली तेवढी सांभाळायची, असं डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं. मी परतीचं तिकीट रद्द केलं.

घरी आल्यावर दादा ओसरीत खाटेवर पडले होते. मी पायाशी बसले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, पण ते आधीच म्हणाले, "ताई, मनाले लावून नका घेऊ. म्या अर्धंच आयकलं."

"नाही दादा. तुम्ही सगळं ऐकलंत. मीच अर्धं सांगितलं. शेतात तुम्ही विचारलंत तेव्हाही मी उत्तर दिलं नाही."

त्यांनी मला एवढं जपलं होतं, ते ओझं त्यांच्या अंगावरून उतरल्यासारखं वाटलं. "मले वाटलंच होतं," ते हळूच म्हणाले. "पन तुमी एवढ्या शिकलेल्या. मनलं, हसल्या म्हंजे बरोबरच असन."

मग त्यांनी शेतातला तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि या वेळी मी उत्तर दिलं. गोळीनं आतलं दुकान बंद पडत नाही. तुमच्यासारख्यांच्यात ते आधीच अपुरं पडतं, आणि ते जे करू शकत नाही ते गोळी करते. मीठ वाढवलं तर आतलं औषध थोडं वाढेल, पण पुरणार नाही, आणि मार मूत्रपिंडाला बसेल. ते दोनदा ऐकून घेऊन म्हणाले, "हे पाच मिंटाचं काम होतं." रागानं नाही, नुसतं म्हणाले.

त्याच मंडपात पुन्हा सभा घेतली. या वेळी मी दुकान, दुकानदार काही आणलं नाही. मागच्या वेळी मी चुकीचं वागले, श्रीधरदादा त्यामुळे दवाखान्यात गेले, असं सांगून सुरुवात केली. मागून एक माणूस मोठ्यानं म्हणाला, "मंग आता तरी खरं सांगून राह्यल्या का?" माधुरी उठायला लागली, मी तिला खूण करून बसवलं. त्याचं बरोबर होतं. मी म्हटलं, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. सरकारी दवाखान्यात जाऊन विचारा. पण विचारल्याशिवाय गोळी सोडू नका." टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. लोक उठून गेले.

पुन्हा समुद्रपूर

समुद्रपूरला मी एकटी गेले. माधुरी येते म्हणाली होती, मीच नको म्हटलं. शिक्षिकाबाईंनी निरोप धाडले होते, पण सभागृह अर्ध्याहून जास्त रिकामं होतं. एकदा ऐकलेलं भाषण पुन्हा ऐकायला कोण येणार? पहिल्या वेळी मागे उभे राहून हसणारे ते सगळे लोक कुठल्या कुठल्या गावांना परत गेले होते. मला त्यांची नावं माहीत नव्हती. रिकाम्या खुर्च्यांकडे बघत मी बोलले. आलेल्यांना विनवलं, शेजारीपाजारी सांगा, जे त्या दिवशी आले होते त्यांना आठवून आठवून सांगा.

शेवटी एक बाई उठून उभ्या राहिल्या. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू. "बाई, मी बंद केलती गोयी," त्या म्हणाल्या. "आता काय करू?"

"त्रास होतोय का काही?"

"डोकं दुखते. मनलं थंडीनं असन."

मी त्यांना घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. उन्हात हळूहळू चालत, त्यांचा हात धरून. रस्त्यात त्यांनी मला आपल्या सुनेचं सांगितलं, कापसाचं सांगितलं, पुण्यात थंडी किती असते ते विचारलं. दवाखान्यात बाकावर आमचा नंबर यायची वाट बघत बसलो.

"एवढ्या दुरून तुमी कायले आलत्या बाई?" त्यांनी विचारलं.

"बोलायला," मी म्हणाले.

त्यांनी माझा हात थोपटला. मला बरं वाटावं म्हणूनच म्हणाल्या असतील. "बोलनं तं लय चांगलं होतं तुमचं. घरी जाऊन मी समद्याइले सांगतलं."

नर्सनं हाक मारली. मी त्यांना उठवलं आणि आत जाता जाता विचारू लागले, कुणाकुणाला सांगितलंत, त्यांची घरं कुठे आहेत.